रविवारच्या काकड्या

त्या ऑगस्टात पावसानं आणि उन्हानं मिळून काकड्यांना वेड लावलं होतं. रात्री करंगळीएवढी सोडलेली काकडी सकाळी अंगठ्याएवढी व्हायची आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी मनगटाएवढी होऊन पानाखाली लोळत पडायची. लोणच्याच्या कारखान्याला पाहिजे तो करंगळीचा माल. मनगटाएवढ्या काकड्या डुकरांपुढे टाकाव्या लागत, आणि दोन दिवसांनी डुकरंही तोंड फिरवत. म्हणून रोजच्या रोज तोडणी. एक दिवस खंड पडला, तर दुसऱ्या दिवशी शेतात नुसती मनगटं.

ऑर्फा लिक्टीला हे सगळं हातांनी कळायचं. भावाच्या कोठारात निवडणीचा पट्टा होता, त्याच्या डाव्या टोकाला ती आठवड्याचे सहा दिवस उभी असे. पट्टा खडखडत पुढे सरकायचा, काकड्या उड्या मारत यायच्या, आणि ती न बघता लहान अलीकडे, मोठ्या पलीकडे लोटायची. वय एकसष्ट, लग्न झालेलं नाही. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. भाऊ मॅलन तिच्याहून चार वर्षांनी धाकटा. दोघांची नावं बापानं पवित्र शास्त्राच्या एकाच पानावरून उचलली होती, दुसरं पान उलटायचेही कष्ट घेतले नाहीत, असं आई म्हणायची. शेत मॅलनचं, मोठं घर मॅलनचं. त्याच अंगणात आईबापांनी म्हातारपणासाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर ऑर्फाचं. चर्चच्या मंडळीत मॅलन डीकन होता, म्हणजे बिशपच्या उजव्या हाताला बसणारा. ऑर्फा मंडळीची रविवारची शाळा घेत असे, मुलांना शास्त्र शिकवत असे.

रविवारी मॅलनच्या शेतात कोणी पाऊल टाकत नसे. निदान मॅलन, त्याची बायको व्हर्डा आणि त्यांची पोरंबाळं तरी नाही. मग सोमवारी पट्ट्यावर नुसती मनगटं यायला हवी होती. ती कधी आली नाहीत. सोमवारीही करंगळीचाच माल यायचा. अकरा वर्षं ऑर्फाच्या हातांना हे ठाऊक होतं. तोंडाला कोणी विचारलं नव्हतं, आणि तोंडानंही आपण होऊन कधी विषय काढला नव्हता.

तोडणीला येत ते मेक्सिकोवाले. तेही मेनोनाइटच, गावाच्याच ख्रिस्ती पंथाचे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्यांचे आजेपणजे कॅनडातूनच उठून मेक्सिकोत गेले होते, आणि तिकडे पाणी आटलं तशी नातवंडं दर मे महिन्यात जुन्या गाड्यांत कोंबून ऑन्टारिओत काकड्या तोडायला येऊ लागली. शास्त्र तेच, बाप्तिस्मा तोच, घरात जर्मनही बोलायचे, फक्त त्यांची जर्मन वेगळी आणि इथल्या लोकांची वेगळी. तरी गाव त्यांना 'मेक्सिकोवाले' म्हणे, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणे. झाडांच्या रांगेमागच्या लांब पडवीत ती कुटुंबं राहत. तीन वर्षांपूर्वी ऑर्फानं स्वतः त्या पडवीत जाऊन त्यांची पोरं शाळेत आणली होती. आता तिच्या वर्गात नऊ मुलं होती, पाच गावातली आणि चार पडवीतली.

पडवीतली मुलं पेंगत यायची. त्यांची बोटं काकडीच्या चिकानं काळपट हिरवी असत, साबणानं न निघणारी. त्यातली युस्टिना वॉल बारा वर्षांची, घाऱ्या डोळ्यांची. धर्मशिक्षणाची आख्खी प्रश्नोत्तरी तिला जर्मनमध्ये तोंडपाठ. गावातली पोरं एका वचनाशी अडखळत, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत ओठांतल्या ओठांत पुढची चार म्हणून मोकळी होई.

त्या रविवारी दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा होती. सहा दिवस श्रम कर, सातवा दिवस विसाव्याचा. त्या दिवशी तू काम करू नको, तुझ्या मुलानं करू नये, मुलीनं करू नये, चाकरानं करू नये, बैलानं करू नये, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यानंही करू नये. ऑर्फानं ते एकेक बोट मोडत समजावलं.

युस्टिनानं हात वर केला. "बाई, मॅलन लिक्टींचं शेत वेशीच्या आत येतं का बाहेर?"

कोणी हसलं नाही. मॅलनची नात डार्ला पुढच्याच बाकावर होती, ती मागे वळून बघू लागली. ऑर्फाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. विहिरीत पडलेला बैल विसाव्याच्या दिवशीही काढावा लागतो, हे सांगता आलं असतं. मोठी झालीस की कळेल, हे तर कधीही सांगता येतं. पण तिच्या हातांना सोमवारचा पट्टा आठवला.

"आत येतं," ती म्हणाली.

"मग आज पहाटे आम्ही तोडल्या त्या?"

"तो दोष तुझा नाही, युस्टिना. ज्याचं शेत त्याचा. आणि उद्या मी त्या निवडणार आहे, म्हणून माझाही."

दुपारी मोठ्या घरी जेवायला सगळे बसले. कोंबडी, मक्याची कणसं, पीचचा केक. रविवारचं ऑर्फाचं पान तिथेच असे. डार्लानं काट्यानं बटाटा फोडता फोडता सांगून टाकलं की आजोबांचं शेत पापाचं आहे, ऑर्फाआजीच म्हणाली. व्हर्डानं कणसांचं ताट ज्याला नको होतं त्याच्यापुढे धरलं. मॅलननं आपल्या कणसाला सगळीकडून लोणी लावून होईपर्यंत वर पाहिलं नाही.

"रविवारी तोडा असं मी त्यांना कधी म्हटलंय का?" तो शांतपणे म्हणाला. "जा, विचार त्यांना. माल अर्ध्याचा आहे. अर्धा त्यांचा, अर्धा माझा. कधी तोडायचा ते त्यांनी ठरवायचं."

"सोमवारी दहाला गाडी भरून लागते, हे कोण सांगतं?"

"गाडी कारखान्याची आहे."

"मग त्यांनी तोडायच्या तरी कधी, मॅलन?"

"तू इतकी वर्षं पट्ट्यावर आहेस," मॅलन म्हणाला. "आज विचारतेस होय?"

ऑर्फानं केकची बशी पुढे ओढली. तिनं तो खाल्ला. गोड लागला, याचंच तिला वाईट वाटलं.

बुधवारी रविवारच्या शाळेचे प्रमुख एल्रॉय गिंगरिच तिच्या पायरीवर येऊन बसले. हातात टोमॅटोची पिशवी होती, म्हणजे काहीतरी अवघड बोलायचं होतं. हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली, मग ते मुद्द्यावर आले. मेक्सिकोच्या मुलांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या रीतीनं शिकता यावं असं कमिटीला वाटत होतं. हल्ली सगळीकडे तसंच करतात. वेगळेपणाचा मान राखायला पाहिजे. तळघरातली भट्टीशेजारची खोली रिकामीच होती.

"शिकवणार कोण?" ऑर्फानं विचारलं.

मिळेल कोणीतरी, असं एल्रॉय म्हणाले.

"त्या पोरी आपल्या पोरांच्या दुप्पट शास्त्र म्हणतात, एल्रॉय. मान राखायचा तर वर बसवून राखा की."

एल्रॉयनी पिशवी तिथेच ठेवली आणि उठले. पुढच्या रविवारी चार मुलं तळघरात गेली. शिकवणारं कोणी मिळालं नव्हतं. त्यांना रंगीत खडू आणि नोहाच्या तारवाची चित्रं दिली होती. युस्टिनानं हत्ती निळा रंगवला, असं कोणीतरी हसत सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी तळघराला कुलूप होतं. मुलं आलीच नाहीत.

ऑर्फा गुरुवारी संध्याकाळी पट्टा थांबल्यावर शेतात गेली. वॉल कुटुंब पूर्वेकडच्या सऱ्यांत होतं. युस्टिनाची आई आगानेथा कमरेत वाकून वेल उचलत होती, पान बाजूला, काकडी खुडली, बादलीत, पुन्हा पान. काळ्या कपड्यांच्या पाठीवर घामाचं मीठ फुटलं होतं. ऑर्फा एक रिकामी बादली घेऊन शेजारच्या सरीत वाकली आणि तीही खुडू लागली. काकडीची लव बोटांत घुसते, हे पट्ट्यावर कळत नाही. तिथे येईपर्यंत ती झडलेली असते. वीस पावलांतच तिची कंबर धरली.

मुलांना परत पाठव, असं ती म्हणाली. वर, माझ्याच वर्गात. मी भांडते कमिटीशी. आणि रविवारचंही मी मॅलनशी बोलते आहे, काहीतरी निघेल. तिची जर्मन आणि आगानेथाची जर्मन एकमेकींना अर्धीच कळत होती, म्हणून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

आगानेथानं खुडणं थांबवलं नाही. "तुम्हांला कोणी सांगितलं होतं, बाई?"

"कोणी नाही. पण आज्ञा..."

"आज्ञा मलाही पाठ आहेत." ती सरळ झाली, कमरेवर मागून मूठ दाबली. "पोरगी पहाटे चारला उठायची, तोडायची, मग हात धुऊन तुमच्याकडे पळायची. आठवडाभर त्याचीच वाट बघायची. आता चारला उठते आणि विचारते, आई, हे पाप आहे ना? मी काय सांगू? तोडावं तर लागतंच. आधी ती नुसती तोडत होती, बाई. आता पाप करत तोडते."

ऑर्फाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कडेला बघितलं. युस्टिना दोन सऱ्या पलीकडे होती, गवती टोपीखाली तोंड दिसत नव्हतं, हात तेवढे चालत होते.

"रविवार बंद झाला तर आमचा माल डुकरं खातील," आगानेथा म्हणाली. "तुमच्या भावाला इतर दिवसांचं तरी पुरतं. तुम्ही आमच्यासाठी भांडू नका. भांडायचंच असेल तर आधी विचारा आम्हांला." आणि ती पुन्हा वाकली.

ऑर्फानं आपली निम्मी भरलेली बादली त्यांच्या खोक्यात ओतली. आगानेथानं नको म्हटलं नाही, घे असंही म्हटलं नाही.

पट्ट्यावर चौघी बायका होत्या. कोणी तिच्याशी भांडलं नाही. मेनोनाइट माणूस भांडत नाही, तो गप्प बसतो, आणि शंभर माणसं मिळून गप्प बसली की अंगणात कुत्रं भुंकलं तरी बरं वाटतं. दुपारच्या डब्याला बायका सफरचंदाच्या झाडाखाली बसत, पूर्वी तिच्यासाठी सरकून जागा करत. आता त्या आधीच सरकून बसलेल्या असत. रविवारी व्हर्डा तिचं जेवण झाकून घरपोच पाठवू लागली. तिच्या वर्गातली पाच मुलंही एल्रॉयच्या बायकोकडे गेली. ऑर्फा रविवारी सकाळी रिकाम्या खोलीत जाऊन बसायची, फळा पुसायची आणि घंटा झाली की उपासनेला यायची. एकटेपणा तिला नवा नव्हता, पण हा वेगळा होता. आधी तिच्याजवळ कोणी नसे, आता सगळे असूनही कोणी नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी पहिलं दहिवर गोठलं आणि एका रात्रीत वेल काळे पडले. वॉल मंडळींनी गाडीच्या टपावर गाद्या बांधल्या. ऑर्फा खिडकीत उभी होती. खाली जावं, आगानेथाची माफी मागावी, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अंगणात मॅलन उभा होता, युस्टिनाच्या बापाशी, बर्नहार्ड वॉलशी हात मिळवत होता, आणि त्याच्यादेखत ती माफीही मॅलनच्या विरुद्धचं भाषण ठरली असती. गाडी गेली. मागच्या काचेतून युस्टिनानं हात केला नाही. केला असेल, धुक्यात दिसला नसेल, असं ऑर्फा पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिली.

ऑक्टोबरातल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीच्या, दोन आठवडे आधी मंडळीत शांतीची विचारणा असे. मागच्या खोलीत मेजापाशी बिशप आणि डीकन बसत, आणि प्रत्येक सभासदानं एकेकटं आत जाऊन एक वाक्य म्हणायचं: देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे, आणि मला प्रभुभोजन हवं आहे. एकाचीही शांती नसेल तर सगळ्यांचं भोजन थांबे. ऑर्फाच्या लहानपणी कुंपणाच्या भांडणावरून दीड वर्ष आख्खी मंडळी तशी राहिली होती. चाळीस वर्षं ती ते वाक्य म्हणत आली होती, पुष्कळदा दाराच्या कडीवर हात ठेवल्या ठेवल्याच.

आदल्या संध्याकाळी मॅलन तिच्याकडे आला. टोपी काढून टेबलावर ठेवली, खूप दिवसांनी. पुढच्या वर्षी तोडणीचं यंत्र घेतोय, म्हणाला. एका फेरीत आख्खी सरी. मग माणसंही नकोत आणि रविवारचा प्रश्नही नको.

"वॉल मंडळी?"

"बघतील कुठंतरी. तूच म्हणत होतीस ना, रविवारी कोणी राबू नये? आता कोणी राबणार नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण बहिणीसाठी मोठी गोष्ट केली. "झालं ना आता मनासारखं? उद्या नीट म्हण म्हणजे झालं."

ऑर्फानं त्याला कॉफी दिली. गोवर आला तेव्हा सात वर्षांच्या मॅलनला तिनं अंधाऱ्या खोलीत नऊ दिवस गोष्टी सांगितल्या होत्या. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, अजूनही होतं, आणि त्यामुळे काहीच सोपं होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली तेव्हा बिशप एनॉस शांट्झ थकलेले दिसत होते. मायाळू म्हातारा माणूस. शेजारी मॅलन, पुढ्यात नावांची यादी.

"बोला, ऑर्फा भगिनी," बिशप म्हणाले.

"माझी शांती नाही."

मॅलननं पेन्सिल खाली ठेवली. बिशपनी डोळे मिटून घेतले, मग उघडले. "मॅलन बंधूशी?"

"नाही. मॅलनशी माझं काही भांडण नाही. आगानेथा वॉलच्या मनात माझ्याविषयी काहीतरी आहे. आणि तिचं खरं आहे. वेदीपाशी आलास आणि कोणाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं लिहिलंय. मी केला नाही. आपण कोणीच केला नाही."

"ती बाई आपल्या मंडळीची सभासद नाही."

"वेशीच्या आत होती ना? आज्ञेत सभासद असं कुठं लिहिलंय?"

पत्र लिहा, असं बिशपनी सुचवलं. ऑर्फानं मान हलवली. ऑर्फाची जर्मन नुसती बोलण्यापुरती, आगानेथाला इंग्रजी येत नाही, पत्र युस्टिनालाच वाचून दाखवावं लागणार, आणि त्या पोरीच्या माथी आणखी काही घालायची ऑर्फाची तयारी नव्हती. बिशपनी नावांची यादी आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, व्हेरॉनिका स्टेकली नव्वदीची आहे, वसंतातलं भोजन ती बघेल असं वाटत नाही. तुमच्या एका शब्दावर तिचं अडेल.

हे मात्र ऑर्फाला लागलं. व्हेरॉनिकानंच तिला पहिली वचनं शिकवली होती.

"ऑर्फा," मॅलन हळूच म्हणाला, "म्हणून टाक ना. एक वाक्य तर आहे."

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. तिचेही भरले. "एक वाक्य आहे म्हणूनच म्हणवत नाही रे," ती म्हणाली.

शेवटी तोड बिशपनीच काढली. ऑर्फा भगिनीचा तंटा बाहेरच्या माणसाशी आहे, तेव्हा मंडळीची शांती मोडलेली नाही. भोजन ठरल्या दिवशी होईल, आणि भगिनी तेवढ्या बाजूला बसतील. हे नियमात बसत होतं. नेमकं बसावं असंच ते बसवलं होतं. मॅलननं यादीत तिच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही, ती जागा रिकामी ठेवली.

प्रभुभोजनाच्या दिवशी ती शेवटच्या बाकावर बसली. भाकर घेऊन मॅलन बिशपच्या मागून ओळीओळीनं आला, तिच्या बाकापाशी त्याचं पाऊल जरा अडखळलं आणि पुढे गेलं. मग पाय धुण्याचा विधी. पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या; दोघीदोघींनी जोडी करायची, एकमेकींचे पाय धुवायचे, पुसायचे, मिठी मारून शांतीचं चुंबन घ्यायचं. बायकांना गरम पाणी आणून देणारं कोणीतरी हवं होतं, आणि रिकामी अशी ती एकटीच होती. तिनं चुलीवरची किटली उचलली आणि घमेली भरत फिरली. पाणी ओतताना सगळ्या जणी पाय मागे घेत, हळू आवाजात आभार मानत, आणि पुन्हा आपापल्या जोडीकडे वळत.

व्हर्डा आज एल्रॉयच्या बायकोबरोबर होती. आजवर ती ऑर्फाबरोबर बसायची. बायकांची संख्या दरवर्षी विषम निघे, शेवटी तिघींना गोल करून बसावं लागे आणि कोणाचे पाय कोणी धुवायचे यावर हसू फुटे. आज तसं काही झालं नाही. किटली हातात धरून ऑर्फानं खोलीभर नजर फिरवली. प्रत्येकीसमोर एक जण होती. तिच्यावाचून जोड्या अगदी बरोबर जमल्या होत्या. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, आणि लग्नाचं वय निघून गेलं तेव्हाही रडली नव्हती तशी ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडली.

घमेली ओतायला ती मागच्या दारी आली तेव्हा व्हर्डा तिथे उभी होती. अनवाणीच, मोजे हातात, पायांना अजून ओल.

"तुझ्याशिवाय मला कसं तरीच झालं," व्हर्डा म्हणाली. इतक्या आठवड्यांत ती पहिल्यांदा सरळ बोलत होती. "एल्रॉयची बायको पाय चोळत नाही, नुसतं पाणी लावते." मग तिनं विचारलं, "वसंतात म्हणशील ना? तोवर यंत्रही येईल. मग तर काहीच राहणार नाही मध्ये."

"यंत्र आलं की ती माणसं येणार नाहीत, व्हर्डा," ऑर्फा म्हणाली. "मग मी समेट करू कोणाशी?"

 आत शेवटचं भजन सुरू झालं, तशी व्हर्डा ओल्या पायांतच मोजे चढवून लगबगीनं आत गेली. ऑर्फानं घमेल्यातलं कोमट पाणी पायरीखाली ओतलं आणि राहिलेली घमेली आणायला पुन्हा आत गेली.